नक्षी शाबूत, पण टायर म्हातारा

समर्थ मंदिरापासून कासच्या रस्त्याला लागलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. गेल्या भाद्रपदात सकाळी साडेसहाच्या सुमाराला त्या घाटात मी मावसभावाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसलो होतो. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसतं धुकं आणि भुरभुर. वेग ताशी तीस-पस्तीसच्या वर नाही. एका उजव्या वळणातून बाहेर पडताना दादानं ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवला आणि गाडीची मागची बाजू डावीकडच्या कठड्याकडं सरकली. हातभरच सरकली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, गाडीनं आपला आपण इंजिनाचा जोर कमी केला आणि ती सरळ झाली. पण पोटात आलेला गोळा वर पोचेपर्यंत काही गेला नाही.

यवतेश्वरला गाडी बाजूला घेतली. "डिझेल सांडलं असणार रस्त्यावर," दादा म्हणाला. मी मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो. "टायर नवेच आहेत की रे, खोबणी बघ," तो वरून म्हणाला. खोबणी खरंच खोल होती, सहा मिलिमीटर तरी. मी नख दाबून पाहिलं, रुतलं नाही. नक्षीच्या दोन ठोकळ्यांच्या मधल्या जागेत मोबाइलचा उजेड पाडला तर तिथं बारीक भेगांचं जाळं, उन्हाळ्यात टाचा फुटतात तसं. मग टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा शोधला. बाहेरून सापडेना, म्हणून हात आत घालून फोटो काढला. शेवटचे चार अंक होते ३२१४.

म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. ऑगस्ट २०१४. टायरला दहा वर्षं होऊन गेली होती.

दादा सांगलीला विश्रामबागेत राहतो. गाडी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड-४, दोन सीटची, छत उघडणारी. २०१९ मध्ये त्यानं ती सेकंडहँड घेतली, आणि तो तिला लेकरासारखं जपतो. वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर चालवतो, तेही रविवारी. त्यामुळं टायरचा विषय कधी डोक्यातच आला नाही, कारण आपण सगळेच टायरचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजायला शिकलोय. रोजच्या गाडीला ते बरोबर आहे. तिचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच गोटा होतो. क्वचित चालणाऱ्या गाडीचं उलटं असतं: नक्षी तशीच राहते आणि रबर आतून मरतं.

मी सातारच्या एमआयडीसीत रबराचे सील आणि बुश बनवणाऱ्या कारखान्यात वीस वर्षं काम केलंय. रबर म्हातारं कसं होतं हे रोज हातात घेऊन पाहिलंय. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. तो कळला की टायर कुठला घ्यायचा हे निम्मं आपोआप कळतं.

टायरमधलं रबर म्हणजे नुसतं रबर नाही. त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम रबर असतं, काजळीची पूड असते, सिलिका असते, तेल असतं, गंधक असतं आणि रबराला जपणारी काही रसायनं आणि मेण असतं. कच्चं रबर चिकट आणि ढिलं असतं. गंधक घालून तापवलं की रबराच्या लांबलचक धाग्यांमध्ये गंधकाचे टाके पडतात आणि त्याला बळकटी येते. अडचण अशी की हे टाके पडायचं काम कारखान्यात पूर्ण थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वर्षानुवर्षं आत नवे टाके घालत राहतात. जितके टाके जास्त, तितकं रबर ताठ. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आम्ही ढोबळ हिशोब धरतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर काय होत असेल, याचा अंदाज यावरून करा.

दुसरा शत्रू ओझोन. हवेत तो अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबराचे धागे तो कापतो. टायरच्या बाजूवर दिसणाऱ्या बारीक भेगा बहुतेक त्याच्याच. त्याच्यापासून वाचवायला टायरमध्ये मेण आणि ओझोनरोधक रसायन घातलेलं असतं. ते आतून हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर धरतं. जुन्या टायरवर जो तपकिरी रंग दिसतो तो हाच थर. आता खरी गोम बघा: हे संरक्षण वर यायला टायर फिरावा लागतो. चाक फिरतं तेव्हा टायर प्रत्येक फेरीला दबतो, सुटतो, आणि त्या मळण्यामुळं आतलं मेण बाहेर येत राहतं. गाडी उभी राहिली की मळणं बंद. पायात असलेली कोल्हापुरी चप्पल मऊ राहते आणि कपाटात ठेवलेली वर्षभरात कडक होऊन तडकते, तसंच हे. म्हणजे कमी चालवून आपण टायर वाचवतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तो जास्त लवकर जातो.

दादाच्या शेडला लागूनच एक फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथं दिवसभर वेल्डिंग चालतं. वेल्डिंगच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो. गाडी जपून ठेवायला त्यानं नेमकी ती जागा भाड्यानं घेतली होती.

आता कडक रबर का घसरतं? रस्ता आपल्याला सपाट दिसतो, पण डांबराच्या वर खडीची टोकं असतात. मऊ कणकेचा गोळा किसणीवर दाबला तर तो भोकांत शिरतो आणि पकडून बसतो. वाळलेला गोळा दाबला तर वरच्यावर राहतो. कोरड्या रस्त्यावर रबराचा चिकटपणाही मदतीला येतो, त्यामुळं फेब्रुवारीतल्या कोरड्या सकाळी दादाला काहीच जाणवलं नाही. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो, चिकटपणा जवळपास जातो, आणि उरतं ते खडीच्या टोकांवर रुतणं. तेच जर टायरला जमत नसेल तर खोबणी कितीही खोल असू दे.

दुसऱ्या दिवशी मी ड्युरोमीटर लावून पाहिलं. खिशात मावणारं, घड्याळासारखी तबकडी असलेलं यंत्र असतं ते, टाचणीसारखं टोक रबरात किती शिरतं ते दाखवतं. चांगला नवा स्पोर्ट्स टायर शोर ए या कडकपणाच्या मापावर साधारण ६० ते ७० दाखवतो. दादाचे चारही टायर ८० च्या पुढं होते.

याचा ब्रेकवर काय परिणाम होतो त्याचं एक सोपं गणित मांडतो. समजा ओल्या हमरस्त्यावर दोन गाड्या ताशी ८० नं चालल्यात आणि दुसरीच्या टायरची पकड पहिलीच्या तीन चतुर्थांशच आहे. घर्षणाचा गुणांक पहिलीला ०.८, दुसरीला ०.६ धरू. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. पहिली साधारण ३१ मीटरवर थांबते, दुसरीला ४२ मीटर लागतात. दहा-अकरा मीटर, म्हणजे जवळपास एका एसटीची लांबी. पण याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: पहिली गाडी जिथं पूर्ण थांबली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ४० च्या वेगानं पुढं जात असते. समोर उसाचा ट्रॅक्टर असेल तर काय होईल, ते कराड-पेठ नाक्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटी गाडीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघंही गेले. तपासात मुख्य कारण अतिवेग ठरलं. पण त्याच अहवालात गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळं गाडीच्या ताब्यावर परिणाम झालेला असू शकतो, अशीही नोंद आहे. जगातल्या अत्यंत महागड्या गाड्यांपैकी एक, आणि टायर जवळपास दादाच्या टायरच्याच वयाचे.

मग किती वर्षांनी बदलायचे? अनेक गाडी कंपन्या सहा वर्षं सांगतात. मिशेलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. माझं मत स्पष्ट आहे. ज्या गाडीत ताकद मागच्या चाकांवर जाते, जी आपण घाटात मजेनं चालवायला काढतो आणि जी एरवी उभीच असते, तिला सहा वर्षं. सावलीत, थंड जागी राहिली आणि भेगा नसतील तर फार तर सात. दहा ही शेवटची हद्द आहे, तिथवर ताणायचा बेत करू नये. टायर गोटा झाल्याची खूण म्हणून खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात, ते उघडे पडायची वाट क्वचित चालणाऱ्या गाडीनं बघायचीच नसते.

कुठल्या जातीचा टायर

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती चालणारा देऊ?" या गाडीच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे. वर्षाला १,२०० किलोमीटर गुणिले सहा वर्षं, म्हणजे ७,२०० किलोमीटर. मऊ रबराचा स्पोर्ट्स टायरसुद्धा नीट चालवला तर पंचवीस-तीस हजार जातो. म्हणजे ६०-७० हजार चालणारा कडक टायर घेतला तर त्या जादा आयुष्याचे पैसे दिले आणि ते कधी वापरलंच नाही, वर पकड गमावली ती वेगळीच. रोज पुणे-सातारा करणाऱ्यानं टिकाऊपणा बघावा. दादानं पकड बघायची.

अमेरिकेतल्या नियमानुसार टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा छापलेला असतो, भारतात मिळणाऱ्या बऱ्याच टायरवरही तो दिसतो. १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून तो काढतात. २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकेल. आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळं दोन कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना करू नये, पण जात ओळखायला तो पुरतो. ५०० च्या आसपास आणि पुढं असेल तर तो टिकाऊपणासाठी बनवलेला टायर. २०० आणि खाली असेल तर तो रेस ट्रॅकच्या जवळचा. मधला, २८० ते ४०० चा पट्टा, हाच आपला. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शन म्हणून अक्षर असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरची पकड सांगतं. डबल ए सगळ्यात वरचं, मग ए. युरोपातल्या लेबलवर ओल्या पकडीला ए ते ई श्रेणी असते, तिथं ए किंवा बी बघावं.

ट्रॅकच्या टायरचा मोह अनेकांना होतो. गाडी रोजची नाही, मग सगळ्यात भारी पकडीचाच घेऊ, असं वाटतं. दादालाही वाटलं. पण ते टायर तापल्यावर पकडतात. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत तापतात, कासला जाताना पाऊण तासाच्या निवांत रस्त्यावर पुरेसे तापत नाहीत. खोबणी उथळ असते, त्यामुळं साचलेल्या पाण्यात तरंगायला लागतात. आणि पुन्हा पुन्हा तापून थंड झाले की लवकर ताठतात. जावळीच्या पावसात त्यांचं काम नाही.

एकाच नावाखाली रस्त्याचेही आणि ट्रॅकचेही टायर निघतात, याकडं लक्ष असू द्या. मिशेलिन पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोन पोटेन्झा, योकोहामा ॲडव्हान, पिरेली पी झिरो ही घराण्यांची नावं आहेत, एका टायरची नव्हेत. "पी झिरो द्या" एवढं सांगून भागत नाही. पुढचं पूर्ण नाव वाचून घ्यावं.

ऑल-सीझन टायर आपल्याकडं लागत नाहीत. ते बर्फ आणि कडाक्याच्या थंडीचा विचार करून बनवलेले असतात. उन्हाळी समजले जाणारे टायर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात, आणि साताऱ्या-सांगलीत ती वेळ सहसा येत नाही. महाबळेश्वरला जानेवारीतल्या पहाटे सुरुवातीचे दहा-पंधरा किलोमीटर सबुरीनं घ्यावेत, एवढंच.

पाण्यात तरंगण्याचं सांगायचं राहिलं. टायर जेवढा रुंद तेवढं त्याच्या पुढचं पाणी बाजूला सारायला वेळ जास्त लागतो, आणि स्पोर्ट्स कारचे टायर रुंदच असतात. नासानं विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघालं: पीएसआयमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि साधारण पावणेसतरानं गुणा, येतो तो ताशी किलोमीटरमधला वेग. ३६ पीएसआयचं वर्गमूळ सहा, म्हणजे ताशी १०० च्या आसपास. साचलेलं पाणी जास्त आणि टायर गुळगुळीत असेल तर त्या वेगाला चाक रस्ता सोडून पाण्यावर चालायला लागतं, स्टिअरिंग हलकं होतं आणि फिरवून उपयोग नसतो. चांगली खोबणी हा वेग वर नेते. हवा कमी असेल तर तो खाली येतो. म्हणून पावसाळ्यात हवा तपासणं हे मायलेजसाठी करायचं काम नाही, जिवासाठी करायचं आहे.

मापाचं काय

दादाच्या गाडीला पुढं २२५/४० आर १८ आणि मागं २५५/३५ आर १८ लागतात. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. आता गंमत बघा: २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. २५५ चे ३५ टक्के म्हणजे ८९ आणि थोडं. रुंदी वेगळी असूनही पुढच्या-मागच्या चाकाची एकूण उंची जवळपास सारखी, ६३७ आणि ६३६ मिलिमीटर. हा योगायोग नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि घसरण रोखणारी यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याचा वेग सतत ताडून बघत असते. एक चाक जास्त फिरलं की ते घसरलं असं ती धरते.

म्हणून "साहेब, २५५/३५ शिल्लक नाही, २५५/४० टाका, एकच आहे" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणायचं. ४० घेतला की मागच्या चाकाची उंची ६६१ मिलिमीटर होते, चार टक्के वाढ. पुढची-मागची चाकं कायम वेगवेगळ्या वेगानं फिरतील, आणि ज्या यंत्रणेनं आम्हाला यवतेश्वरच्या घाटात सावरलं तिचाच हिशोब बिघडेल.

मापानंतर वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर येतं. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९२ म्हणजे ६३०. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. आपल्याला एवढ्या वेगानं जायचं नाही, मग एच कशाला चालणार नाही, असं दादानं विचारलं. अक्षर फक्त वेगाचं नसतं. ज्या टायरला २७० चा वेग सोसायचा त्याची आतली बांधणी उष्णता सहन करणारी असते, वळणात भिंत कमी लवते, आणि गाडीचं सस्पेन्शन त्याच बांधणीवर बेतलेलं असतं. कंपनीनं सांगितलेल्या अक्षराच्या खाली जाऊ नये. वर गेलं तर चालतं. काही टायरवर गाडी कंपनीची खूण असते, बीएमडब्ल्यूची चांदणी, पोर्शेचं एन आणि त्यापुढं आकडा, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ. मिळाला तर उत्तम, पण खुणेचा पाच वर्षं जुना टायर आणि बिनखुणेचा ताजा टायर यांत मी डोळे झाकून ताजा घेईन.

रनफ्लॅटचा पेच

या मॉडेलला स्टेपनीच नाही. कंपनी रनफ्लॅट टायर देते. त्यांच्या भिंती इतक्या जाड असतात की हवा पूर्ण गेली तरी गाडी रिमवर बसत नाही आणि साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, चालवता येते. रात्री कुंभार्ली घाटात पंक्चर झालं तर याचं मोल कळतं. पण त्याच जाड भिंतींमुळं गाडी खड्ड्यांवर आपटते, टायर महाग असतो आणि हवा नसताना चालवला तर तो पुन्हा दुरुस्त करून वापरावा असं बहुतेक कंपन्या म्हणत नाहीत, कारण भिंत आतून जळालेली बाहेरून दिसत नाही.

आम्ही यावर दोन संध्याकाळी वाद घातला. शेवटी साधे टायर घ्यायचं ठरलं, कारण दादा रात्री गाडी काढत नाही, लांब जात नाही, आणि रस्ते आपले असे आहेत. ज्यांना एकट्यानं, लांबवर, रात्री जायचं असतं त्यांनी रनफ्लॅटच ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं. साधे घेतले तर बारा व्होल्टचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली गाडीत हवीच. त्या बाटलीवरही मुदत लिहिलेली असते आणि ती उलटली की आतला द्रव गोठून बसतो. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे असा मेळ कधीच करू नये.

खरेदी

सातारा काय किंवा सांगली काय, असल्या मापाचा टायर दुकानात लटकलेला नसतो. पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. त्यात जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, त्यामुळं जी मापं इथं बनत नाहीत ती कधी मिळतात, कधी महिनोन्महिने मिळत नाहीत. अशा वेळी जुना माल खपवला जातो. कमी खपाचं माप गोदामात पडून राहतं आणि एक दिवस त्याला आपल्यासारखं गिऱ्हाईक भेटतं.

आमच्या बाबतीत हेच होणार होतं. एका दुकानदारानं चांगली सूट देऊन चार टायर देऊ केले. मी फोनवर म्हटलं, चारही टायरच्या तारखेच्या अंकांचा फोटो पाठवा, मग पैसे पाठवतो. दोन दिवस फोटो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला त्यात दोन टायर तीन वर्षांपूर्वीचे आणि दोन साडेचार वर्षांपूर्वीचे होते. सहा वर्षांतली साडेचार गोदामातच गेलेली. सूट कशाची होती ते कळलं.

थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेला टायर उन्हातल्यापेक्षा सावकाश म्हातारा होतो, हे खरं आहे. पण गोदाम कसं होतं ते आपण पाहिलेलं नसतं. रोजच्या गाडीला दीड-दोन वर्षांपूर्वीचा टायर मी निर्धास्त घेईन, ती तो तीन-चार वर्षांत झिजवते. उभ्या राहणाऱ्या गाडीला मात्र एका वर्षाच्या आतला, आणि माप अगदीच दुर्मिळ असेल तर दीड वर्षापर्यंतचा. तारीख टायरच्या एकाच बाजूवर छापलेली असू शकते, म्हणून दोन्ही बाजू बघाव्यात. आयएसआयची खूण बघावी. आणि चारही एकदम, एकाच मॉडेलचे घ्यावेत. एका अक्षावर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळे टायर तर अजिबात नकोत.

किमतीबद्दल एवढंच सांगतो, सगळ्यात महागड्याची गरज नाही. ओल्या पकडीत चांगला असलेला मधल्या किमतीचा टायर दर सहा वर्षांनी बदलणं हे अव्वल टायर घेऊन तो बारा वर्षं वापरण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे. आपल्याकडं मात्र नेमकं उलटं होतं. महाग घेतला म्हणून काढवत नाही.

आम्हाला शेवटी पुण्याहून सात महिन्यांपूर्वी बनलेले चार मिळाले. सांगलीत बसवले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह, हे त्याच वेळी करून घ्यावं. नव्या टायरवर साच्यातून सुटायसाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर नरमाईनं चालवावेत, विशेषतः रस्ता ओला असेल तर.

नंतरची निगा सोपी आहे. पंधरा दिवसांतून एकदा गाडी काढून वीस-तीस किलोमीटर चालवायची. जागेवर इंजिन सुरू करून बंद करण्यानं टायरला काही मिळत नाही, त्याला मळणं हवं असतं. शिवाय गाडी एकाच जागी उभी राहिली की टायरचा खालचा भाग चपटा बसतो आणि निघाल्यावर गाडी थडथडते. चार-पाच किलोमीटरवर टायर तापला की ते बहुधा जातं, पण महिनोन्महिने उभी राहिली तर कायमचं राहू शकतं. हवा महिन्याला एखादा पीएसआय आपोआप उतरते, ती टायर थंड असताना तपासायची. टायर चकाकवायचे जे तेलकट, उग्र वासाचे पॉलिश मिळतात ते लावू नयेत, त्यातला द्रव टायरवरचं मेण धुऊन काढतो. साबणाचं पाणी पुरे. आणि दादानं शेड बदलली.

जुने टायर काढून दुकानाच्या दारात ठेवले होते. नक्षी पाहून तिथल्या पोरानं विचारलं, "काका, हे द्यायचेत का? गिऱ्हाईक आहे माझ्याकडं, चारी जातील." पैसेही बरे सांगितले. दादानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं त्या पोराला ग्राइंडर आणायला सांगितला, आणि आमच्यासमोर चारही टायरच्या भिंती आरपार कापून घेतल्या.